उरल्यासुरल्या लोकरीची टोपी

अलोरे गाव चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. कोयनेच्या पाण्यावर चालणारे एक वीजघर इथे आहे. कोकणात थंडी ती कितीशी, असे घाटावरचे लोक म्हणतात. पण पौषात पहाटे अंगणात उभे राहून पाहा! डोंगराकडून गार वारा येतो. गवत दवाने भिजलेले असते. मोठी माणसे शेकोटीशी बसतात. लहान बाळाचे काय? त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, आणि उघड्या डोक्यातून ऊब लवकर जाते.

मेंढ्यांना कोकणचा पाऊस सोसत नाही. पाऊस सरला की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन खाली उतरतात. खत मिळावे म्हणून शेतकरी ती आपल्या शेतात बसवतात. त्या मेंढरांची लोकर राठ असते. तिचे घोंगडे छान होते, पण बाळाच्या कपाळाला ती टोचते. टोपीला बाजारची मऊ लोकरच हवी. ती विकत घ्यायची तर पैसे पडतात. मग स्वेटर विणून उरलेले रंगीत गुंडे कशाला टाकायचे? कोपरावर फाटलेला जुना स्वेटरही उसवता येतो. उसवलेला धागा वाकडातिकडा असतो. त्याची लड करून चार ठिकाणी सैल बांधा, गार पाण्यात भिजवा आणि न पिळता सावलीत टांगा. वाळला की तो सरळ होतो.

जाड धागा आणि बारीक धागा वेगळा करा. आम्ही पहिल्या खेपेला हे केले नाही. टोपी एका बाजूने भोपळ्यासारखी फुगली. शेवटी ती चहाच्या किटलीवर गेली!

आणखी एक परीक्षा आहे. बाजारातली बरीचशी ‘लोकर’ मेंढीची नसते, ॲक्रिलिकची असते. मुले जवळ नसताना धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळते. गार झाले की त्याचा कडक मणी होतो. वितळलेले ॲक्रिलिक कातडीला चिकटते, म्हणून अशी टोपी घातलेले बाळ चुलीपाशी किंवा शेकोटीपाशी मुळीच नेऊ नका. दोन्ही धागे एका टोपीत मिसळू नका. गरम पाण्यात खरी लोकर आटते, ॲक्रिलिक तेवढे आटत नाही.

आता टाके. समजा, बाळाच्या डोक्याचा घेर १६ इंच आहे. वीण ताणते, म्हणून टोपी १५ इंच धरा. आधी लहानसा तुकडा विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजा. ६ बसले तर १५ गुणिले ६, म्हणजे ९० टाके घाला. एक इंच पट्टी एक सुलट, एक उलट अशी विणा. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. दर चार ओळींनी रंग बदला, पण नेहमी कडेलाच. मधे गाठ आली की ती डोक्याला रुतते. झालेल्या ओळींच्या रेघा वहीत मारत जा. दूध उतू गेले, पाहुणे आले, की आकडा हमखास विसरतो!

एकूण ५ इंच झाले की घटवायचे. सुलट ओळीत ७ टाके विणा, मग दोनांचा एक करा, असे ओळभर. ९० चे ८० होतात. उलट ओळ साधीच विणा. पुढच्या सुलट ओळीत ६ विणून दोनांचा एक, मग ५ विणून, असे उतरत जा. शेवटी १० टाके उरतात. धागा तोडून त्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने टोपीची मागची बाजू शिवा.

बाळ घरात झोपले की टोपी काढून ठेवा. मानेला घाम आला असेल तर जागेपणीही काढा. हनुवटीखाली नाडी नको, ती गळ्याला आवळते. शेंड्याला गोंडा लावायचा मोह होतो खरा, पण बाळ तो उपटून तोंडात घालते. उरलेल्या रंगांचे गोंडे मोठ्या मुलांच्या टोपीला लावा.