रोलरने केस सरळ करण्याचा हुन्नर : कापडवाल्याच्या नजरेतून

पुण्याच्या कॅम्प भागातील आमच्या दुकानात काही वर्षांपूर्वी एक मुलगी साटीनचे कापड मागायला आली. मूळची केनियातील नैरोबीची, येथे शिक्षणासाठी राहिलेली. तिला अवघे एक मीटर हवे होते, आणि तेही शिवण्यासाठी नव्हे, तर रात्री डोक्याला बांधण्यासाठी. आम्ही सहज विचारले, "बेटी, सुती रुमाल स्वस्त पडेल, साटीनच कशाला?" त्यावर तिने डोक्यावरचा रुमाल थोडा मागे सरकवला. दोन्ही कानशिलांजवळचे केस बोटभर रुंदीने गेलेले होते. केस सरळ करणारी क्रीम तिने इथल्याच एका दुकानातून घेतली होती. ती किती मिनिटे ठेवायची हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि डबीवरची बारीक अक्षरे दोघांनीही वाचली नव्हती. तेव्हापासून ती आपल्या आईच्या जुन्या पद्धतीवर परत आली होती. ती पद्धत म्हणजे ओले केस रोलरवर गुंडाळून सुकवणे.

आता कापडवाल्याचा केसांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. लोकर अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण एक धागा काढून जाळतो व वास घेतो. तो वास जळालेल्या केसाचाच असतो, कारण लोकर आणि केस हे दोन्ही केराटिन नावाच्या एकाच पदार्थाचे बनलेले आहेत. या केराटिनला आकार देणाऱ्या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिली कच्ची गाठ, जी पाण्याने सुटते आणि सुकताना पुन्हा बसते. दुसरी गंधकाची पक्की गाठ, जी पाण्याने सुटत नाही. तिला तोडायला रसायनच लागते. रोलरचे काम फक्त पहिल्या गाठीशी आहे.

प्रोसेस हाउसमधील स्टेंटर मशीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगावे लागणार नाही. धुलाईतून निघालेले कापड ओले व आक्रसलेले असते. स्टेंटरच्या पिना दोन्ही किनारी धरतात, पन्हा ताणतात आणि त्याच ताणात गरम हवेने कापड सुकवतात. कापड ज्या मापात सुकले त्या मापात राहते. आणि तेच कापड गिऱ्हाइकाने घरी बादलीत बुडवले की पुन्हा आक्रसते, व तक्रार घेऊन तो आपल्याकडे येतो. रोलर हा केसांचा स्टेंटर होय. ओला केस ताणून गुंडाळला, तसाच पूर्ण सुकवला, की तो सरळ राहतो. पाणी लागले की मूळचा होतो.

आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांत ही गोष्ट ठळक दिसते. त्यांच्या केसाचे मूळच त्वचेत वाकडे असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. त्यामुळे केस स्प्रिंगसारखा वळत वाढतो व सुकल्यावर लांबीने निम्म्याहूनही कमी दिसू शकतो. डोक्याचे नैसर्गिक तेल एवढी वळणे उतरून टोकापर्यंत जात नाही, म्हणून हे केस कोरडे राहतात आणि वळणावर तुटतात. असा केस जोर लावून विंचरणे म्हणजे कच्चे सूत जास्त ताणावर मागाला चढवणे.

त्या मुलीने सांगितलेली व आम्ही नंतर विचारपूस करून घेतलेली कृती अशी. प्रथम केस धुऊन कंडिशनर लावावे आणि मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढावा, टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे. मुळापासून फणी ओढली तर सर्व गाठी टोकाला जमा होऊन केस तुटतो. कंडिशनर धुतल्यावर सेटिंग लोशन लावावे. ते नसेल तर जवस पाण्यात उकळून, गाळून जो बुळबुळीत रस निघतो तोही चालतो. सुताला आपण खळ देतो, तेच काम.

मग कपाळापासून मानेपर्यंत केसांचे पट्टे पाडावेत. पट्टा रोलरच्या लांबीपेक्षा रुंद नको आणि रोलरच्या जाडीपेक्षा जाड नको. बहुतेकांची चूक येथेच होते. जाड पट्टा बाहेरून सुकतो, आतून ओला राहतो. पट्टा मुळापासून वर ताठ धरून विंचरावा, टोके पातळ कागदात सपाट धरून रोलरला लावावीत आणि गुंडाळत डोक्यापर्यंत आणून क्लिप लावावी. हात चालू असताना केस सुकू लागला तर फवाऱ्याने पुन्हा ओला करावा, कारण अर्धवट सुकलेला केस आपल्या वळणावर बसलेला असतो. ताण इतकाच असावा की मुळाशी दुखू नये. कानशिलांवर तर हात आणखी हलका ठेवावा. सतत ओढ बसली की तेथील केस कायमचे जाऊ शकतात.

रोलर गुळगुळीत प्लॅस्टिकचा, भोके असलेला घ्यावा. बाजारात त्याला मॅग्नेटिक रोलर म्हणतात. त्यात चुंबक वगैरे काही नाही, ओला केस त्याला चिकटतो एवढेच. व्हेल्क्रोचा रोलर अशा ओल्या केसांत अडकून बसतो, आणि स्पंजचा रोलर पाणी धरून ठेवतो. केस जितका सरळ हवा तितका रोलर मोठा, मात्र केसाचा किमान दीड वेढा त्यावर बसला पाहिजे. आखूड केसांना म्हणूनच लहान रोलर लागतो व केस कमी सरळ होतो.

सुकवण्यासाठी डोक्यावर टोपीसारखा बसणारा ड्रायर असल्यास दाट केसांना एक तास, कधी दीड तास लागतो. ड्रायर नसेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी लावून संध्याकाळी काढावेत. गरम केस हाताला सुका लागतो, पण तो फसवा असतो. आधी थंड होऊ द्यावा, मग मानेवरचा एक रोलर सोडून पाहावा. इस्त्रीखालून निघालेले कापड गरम असतानाच घडी घातले तर नवी सुरकुती बसते, हे आपल्याला माहीत आहेच.

रोलर काढल्यावर केस एकदम सपाट नसतात, मोठ्या लाटा असतात. फेटा बांधावा तसे ते डोक्याभोवती सपाट गुंडाळून, पिना लावून रात्रभर साटीनखाली ठेवतात, म्हणजे लाटा उतरतात. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या स्त्रिया याला डूबी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या सलूनांनी रोलरच्या या कामावर चांगला धंदा उभा केला आहे. तेथे मुळाजवळचा फुगवटा शेवटी गोल ब्रश व गरम हवेने बसवतात. हवा कोरडी असेल तर हे काम आठवडाभर टिकते. पुण्याच्या जुलै महिन्यात दोन दिवस टिकले तरी पुष्कळ.

क्रीमची गोष्ट निराळी. ती गंधकाची पक्की गाठ तोडते. अनेक क्रीमांत आपल्या ओळखीचा कॉस्टिक सोडाच असतो. सुती सुताला मर्सराइज करताना आपण तो वापरतो, सूत टिकते आणि चमकते. पण त्याच कॉस्टिकच्या गरम द्रावणात लोकर टाकली तर विरघळून जाते. कापूस व लोकर वेगळी ओळखण्याची ती एक जुनी चाचणी आहे, आणि केस तर लोकरीचा भाऊबंद! डबीवर 'नो लाय' लिहिलेले असले म्हणजे क्षार नाही असे समजू नये. कॉस्टिकच्या जागी दुसरा क्षार असतो.

अशा रसायनांचा माग शिवणकामापर्यंत जातो. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात गॅरेट मॉर्गन नावाचे कृष्णवर्णीय कारीगर शिलाई मशिनी दुरुस्त करीत. लोकरी कापड शिवताना सुई तापून कापड करपू नये म्हणून ते एक द्रव बनवीत होते. तो पुसलेल्या कापडाचे तंतू सरळ झालेले त्यांना दिसले, असे सांगतात. त्यावरून त्यांनी १९१३ मध्ये केस सरळ करण्याच्या मालाची कंपनी काढली. हुन्नर कोठून कोठे जातो पाहा.

परंतु आज या मालाविषयी दुसरी माहितीही समोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांची सुमारे ११ वर्षे पाहणी करून ऑक्टोबर २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. केस सरळ करणारी रसायने न वापरणाऱ्या स्त्रियांत ७० वर्षे वयापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अंदाजी प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आढळले. यावरून क्रीमनेच रोग होतो हे सिद्ध होत नाही. पण आपल्या दुकानात असा माल असेल तर निदान डबीवरची सूचना स्वतः वाचून, गिऱ्हाइकाला तोंडी सांगून मगच तो द्यावा.

साटीनचे काय, ते राहिलेच. साटीन हे विणीचे नाव आहे, सुताचे नव्हे. रेशमाचे असते तसे पॉलिएस्टरचेही असते. ताण्याचे लांब धागे वर मोकळे असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, केस घासत नाही. सुती रुमाल केसाचे तेल व ओल शोषून घेतो. त्या मुलीपाठोपाठ तिच्या मैत्रिणी आल्या, तेव्हा ठाणाचे उरलेले तुकडे आम्ही शेजारच्या शिलाई कारीगराला देऊ लागलो. ४४ इंच पन्ह्यातून २२ इंचांचे दोन गोल शेजारी शेजारी निघतात. कडेला नेफा करून इलॅस्टिक घातले की झोपण्याची टोपी तयार. रोलर लावलेल्या डोक्याला ही टोपी लहान पडते. तिथे ३० इंचांचा गोल कापावा लागतो व पन्ह्यातील बाकी कापड वाया जाते, म्हणून भाव थोडा जास्त धरावा. शिवण बाहेरच्या बाजूस ठेवावी. पहिल्या खेपेस कारीगराने ती आत ठेवली होती, आणि त्या मुलीने सहाच्या सहा टोप्या परत आणून दिल्या.