वैयक्तिक वस्तूंचे छायाचित्रण

वैयक्तिक वस्तूंचे छायाचित्रण हा स्थिरवस्तू छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. एखाद्या व्यक्तीच्या नित्य वापरातील, बाजारात फारसे मोल नसलेल्या परंतु तिच्या आयुष्याशी जोडलेल्या कपडे, भांडी, चष्मा, कंगवा, पादत्राणे अशा वस्तू त्यात टिपल्या जातात. जाहिरातीच्या छायाचित्रात वस्तू नवी व निर्दोष दिसावी लागते. येथे मात्र झीज, डाग, ठिगळ आणि पोचे हाच चित्राचा आशय असतो. त्यामुळे प्रकाशयोजनेचे आणि विशेषतः संपादनाचे संकेत जाहिरात छायाचित्रणापेक्षा बरेच वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–१८४६) या ग्रंथात फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक छायाचित्र आहे. अशी भांडी चोरीस गेल्यास हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून सादर करता येईल, असे टॅलबट यांनी सोबतच्या मजकुरात सुचवले होते. वस्तूचे छायाचित्र म्हणजे नोंद की आठवण, हा प्रश्न पुढे या प्रकारात वारंवार उभा राहिला.

मियाको इशिउची यांचे कार्य

या प्रकारातील सर्वांत परिचित नाव जपानी छायाचित्रकार मियाको इशिउची (जन्म १९४७) यांचे आहे. त्यांनी व्यावसायिक नाव म्हणून आईचे माहेरचे नाव स्वीकारले होते. २००० साली आईचे निधन झाल्यावर मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करावे हे न सुचल्याने त्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. अर्धवट वापरलेल्या लिपस्टिक, केस अडकलेला ब्रश, कवळी, अंतर्वस्त्रे अशा, सहसा कुटुंबाबाहेर न दाखवल्या जाणाऱ्या गोष्टी त्यांत आहेत. ‘मदर्स’ नावाची ही मालिका २००५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात जपानच्या दालनात मांडली गेली.

२००७ मध्ये त्यांनी हिरोशिमा शांती स्मारक संग्रहालयातील वस्तूंचे चित्रण सुरू केले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने बळी पडलेल्यांच्या या वस्तू त्यांच्या आप्तांनी संग्रहालयाला दिलेल्या आहेत. त्यांचे चित्रण हिरोमी त्सुचिदा यांनी आधीच केले होते. त्सुचिदांची छायाचित्रे कृष्णधवल व तटस्थ आहेत. वस्तू चौकटीच्या मध्यभागी असते आणि सोबतच्या मजकुरात ती कोणाची होती व त्या व्यक्तीचे काय झाले हे सांगितलेले असते. जळालेल्या अन्नासह सापडलेला शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा तेथे साक्षीदारासारखा दिसतो.

इशिउचींनी तोच संग्रह रंगीत चित्रांत टिपला. पातळ कापडाचे कपडे त्यांनी पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात ठेवले. त्यामुळे जळालेल्या कडांबरोबरच कापडावरची फुलांची नक्षी, शिवण आणि बटणेही स्पष्ट होतात आणि हा झगा कोणीतरी हौसेने घातला होता, ही जाणीव आधी होते. मालिकेचे नावही त्यांनी रूढ चित्रलिपीऐवजी हिरागाना या मृदू मानल्या जाणाऱ्या लिपीत लिहिले. इतक्या भीषण घटनेच्या अवशेषांना सुंदर दाखवावे काय, हा आक्षेप येथे सहज सुचतो आणि तो गैरलागू नाही. मात्र ठिकऱ्या झालेले वस्त्र केवळ पुरावा म्हणून पाहिले की ते घालणारी मुलगी नजरेआड होते. त्सुचिदांच्या चित्रांना मजकुराचा आधार लागतो, तर इशिउचींच्या चित्रांत ते काम प्रकाश करतो. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून पाहणे अभ्यासकाला अधिक उपयुक्त ठरते.

मेक्सिकोतील चित्रकार फ्रिदा काहलो यांच्या, २००४ पर्यंत बंद राहिलेल्या वस्तूंचेही इशिउचींनी २०१२ मध्ये चित्रण केले. २०१४ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला.

भारतात आंचल मल्होत्रा यांनी फाळणीच्या वेळी निर्वासितांनी सोबत नेलेल्या वस्तूंचा अभ्यास केला. त्यांचा ‘रेम्नंट्स ऑफ अ सेपरेशन’ हा ग्रंथ २०१७ मध्ये प्रकाशित झाला. कापड मोजण्याचा गज आणि धातूचा घडा या आपल्याच कुटुंबातील वस्तूंपासून त्यांच्या शोधाची सुरुवात झाली होती.

प्रकाश आणि मांडणी

खिडकीतून एका बाजूने येणारा, थेट ऊन नसलेला प्रकाश बहुतेक वस्तूंना पुरतो. प्रकाश जितका पृष्ठभागालगत तिरपा पडेल तितके ओरखडे, टाके व कोरीवकाम उठून दिसते. मराठी घरांत भांड्यांवर ठिपक्यांनी नाव कोरण्याची पद्धत आहे. लग्नात आहेर म्हणून आलेल्या तांब्यावर देणाऱ्याचे नाव असते. वर्षानुवर्षे घासून पुसट झालेली ही अक्षरे समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत, पण तिरप्या प्रकाशात अनेकदा वाचता येतात. चित्र घेण्यापूर्वी असे भांडे चिंचेने घासून लख्ख करण्याचा मोह टाळावा, कारण उरलेली अक्षरे त्यातच जातात. चकचकीत धातूत खोली आणि छायाचित्रकार दोघांचे प्रतिबिंब पडते, म्हणून दोन्ही बाजूंना पांढरा कागद उभा करतात.

जीर्ण लुगडे किंवा शाल टांगल्यास स्वतःच्या वजनाने फाटू शकते. ती सपाट पसरून वरून चित्र घ्यावे. मोबाइल वस्तूच्या फार जवळ नेल्यास आकार विकृत होतो. थोडे मागे सरून घेतलेले चित्र प्रमाणबद्ध येते.

संपादन

संपादनात पहिली दुरुस्ती रंगाची असते. वस्तूशेजारी करडे कार्ड ठेवून एक चित्र घेतल्यास पितळेचा पिवळेपणा आणि दिव्याचा पिवळेपणा वेगळे करता येतात. भिंगावरील धूळ किंवा पार्श्वभूमीवरील केस काढणे सर्वमान्य आहे, पण वस्तूवरचा डाग काढणे ही वेगळी गोष्ट आहे. काचेचा तडा किंवा बाहीवरील शाईचा ठिपका पुसला की चित्र त्याच वस्तूचे राहत नाही. अनेक मोबाइल कॅमेरे पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत करतात आणि बारीक झीज त्यातच नाहीशी होते. शक्य असल्यास ही सोय बंद करून कच्च्या स्वरूपात चित्र जतन करतात. मूळ फाइल न बदलता संपादन तिच्या प्रतीवर केले जाते. वस्तू कोणाची, कोणी सांगितले आणि चित्र कधी घेतले ही माहिती फाइलच्या वर्णनात लिहिली जाते, कारण वेगळ्या कागदावरची टीप चित्रापासून लवकर दुरावते.