कानांनी पाहिलेले चित्रपट

आधी एक कबुली देतो. मी चित्रपटांचा समीक्षक नाही. कॅमेरा कुठे लावला, प्रकाश कसा सोडला, यातलं मला फारसं कळत नाही. कविता लिहिणारा माणूस असल्यामुळे माझा भरवसा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त. पडद्यावरची माणसं खरी की खोटी, हे मी त्यांच्या बोलण्यावरून ठरवतो. अलीकडे पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी याच मापाने चार शब्द सांगणार आहे.

पहिला 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि आम्ही तो कणकवलीत घरच्याच माणसांत बसून पाहावा तसा पाहिला. दिलीप प्रभावळकरांनी यात बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी नट उभा केला आहे. डोळे अधू झालेत, पण तोंडाला रंग लावायचा सोस सुटत नाही. माझ्या मागच्या रांगेत एक आजीबाई होत्या. बाबुली अडखळला की त्या अंधारातून ओरडायच्या, "अगे, ह्येका दिसना नाय, कोणतरी हात धरा रे!" चित्रपटाला याहून मोठी पावती कोणती?

जत्रेतलं दशावतारी नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पात्रं वाटली जातात, आणि पायपेटी, पखवाज, झांजेच्या साथीने नट उभ्या उभ्या संवाद रचतात. यात एक गंमत असते. राजा आणि देव भारदस्त, संस्कृत वळणाचं मराठी बोलतात. मालवणी येते ती बहुतेक विनोदी पात्राच्या तोंडी. हीच वाटणी आपल्या चित्रपटांनीही उचलली. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला जगभर नेलं, हे त्यांचे उपकारच. पण पुढे मालवणी म्हणजे हशा, असा शिक्का बसला तो बसलाच. 'दशावतार'मध्ये मालवणी रडते, घाबरते, संतापते. मला हा चित्रपट आवडला तो यासाठी. उत्तरार्धात मात्र पार्श्वसंगीत इतकं चढतं की माणसाचा आवाज शोधावा लागतो. विषय खाणींचा आहे. कळण्याची खाण आणि तिच्याविरुद्धचं आंदोलन पाहिलेल्या या जिल्ह्याला तो ओरडून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर 'श्वास' पुन्हा पाहावासा वाटला. संदीप सावंत यांचा हा २००४ चा चित्रपट. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मराठीला मिळवून देणारा, आणि ऑस्करला जाताना लोकांनी वर्गणी काढून ज्याच्या खर्चाला हातभार लावला तो. गोष्ट तुम्हांला माहीत आहे. डोळ्यांच्या कर्करोगामुळे परशाची दृष्टी जाणार, आणि आजोबा शस्त्रक्रियेआधी नातवाला हॉस्पिटलबाहेर नेऊन जग दाखवून आणतात. वीस वर्षांपूर्वी मी या दाखवण्यावर रडलो होतो. या खेपेला माझं लक्ष शेवटाकडे गेलं. काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावाकडे येतो. आता त्याला हे गाव कानांनीच ओळखायचंय. अरुण नलावडेंचे आजोबा फार बोलत नाहीत, पण जे बोलतात ते आमच्या शेजारच्या माणसासारखं.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ साली चित्रपटगृहांत आला. त्यात बदलीमुळे कोकणात आलेली आई आणि तिचा मुलगा आहे. भर पावसात तो मुलगा किल्ल्यात एकटा सापडतो. तिथे शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता पाऊस आहे. पूर्वी बरेच चित्रपट नंतर स्टुडिओत बसून बोलके केले जात, तेव्हा गावाचा आवाज गावातच राहायचा. हल्ली पुष्कळदा चित्रीकरण होतं तिथेच संवाद टिपतात. त्यामुळे श्वास, दम, मागून ओरडणारा कोंबडा, सगळं सोबत येतं.

इथवर मी खूश आहे. आता तक्रार सांगतो.

मराठी चित्रपटात मुसलमान आला की बहुतेक वेळा त्याचं मराठी मोडतं. तो मटणवाला असो की मेकॅनिक, दोन वाक्यांत 'हमकू-तुमकू'वर येतो. चांगल्या कामासाठी असेल तर कव्वालीही गातो. सईद मिर्झांचा 'नसीम' (१९९५) हा मला फार आवडणारा चित्रपट. कैफी आझमींनी त्यात केलेले आजोबा मी विसरूच शकत नाही. पण ते आग्र्याच्या आठवणी सांगतात आणि त्यांची उर्दू ही त्यांच्या घरची उर्दू आहे. माझ्या घरची नाही. माझी आई सकाळी निघताना विचारायची, "खंय चललंस रे? घावणे खावन जा." दुआ मागतानाचे शब्द अरबी असतील, पण ताप किती आहे ते ती मालवणीतच विचारायची. कोकणातल्या हजारो मुसलमान घरांत चूल अशीच बोलत आली आहे.

हे साहित्यात आलेलं नाही असं नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६५ साली 'इंधन' ही कादंबरी लिहिली. तिच्यात कोकणातलं गाव आहे, मुसलमान घर आहे, शेजारी आहेत आणि त्या सगळ्यांमधला विस्तवही आहे. वाचताना मला ती पडद्यावर दिसत राहते, आणि ऐकूही येते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलीसाठी इतकं काय? सांगतो. एका कार्यक्रमात माझी कविता ऐकून एक सद्गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे!" मी आभार मानले. घरी येताना मात्र वाटलं, हे वाक्य ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या कवीला का बरं म्हणाले नाहीत? त्यांचा दोष नव्हता. त्यांनी पडद्यावर जे आयुष्यभर ऐकलं, त्यावरूनच ते मला मोजत होते.

म्हणून मला 'श्वास'मधला परशा पुन्हा पुन्हा आठवतो. समजा, तो होडीतून उतरून आमच्या वाडीवरून गेला, आणि आमच्या ओसरीवरून कोणी त्याला हाक मारली. घर कुणाचं हे त्याला ओळखता येणार नाही. नीट कान दिला तर दोन-चार शब्द वेगळे लागतील, एवढंच. चित्रपटातला मुसलमान मात्र त्याला पहिल्याच वाक्यात ओळखू येईल.

चित्रपट काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आमच्यावर चित्रपट काढा किंवा काढू नका. पण काढलात, तर आधी एक दिवस आमच्या ओसरीवर येऊन नुसतं ऐकत बसा. घावणे आम्ही देऊ.