वाटेकऱ्याची लेक अध्यक्षांच्या खुर्चीवर

दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचे दुखणे तुम्हाला वेगळे सांगायला नको. राबायचे आपण, वाटा मालकाचा, आणि उसनवारी फेडता फेडता खळ्यावरच रास संपायची. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्रेपलंड नावाचे एक लहान गाव आहे. तेथे असेच एक कृष्णवर्णीय कुटुंब वाट्याच्या शेतात राबत होते. त्या घरात ३ जुलै १९४५ रोजी बारावे आणि शेवटचे मूल जन्माला आले. ती मुलगी रूथ. हीच रूथ सिमन्स १९९५ साली स्मिथ कॉलेज या नामांकित महिला महाविद्यालयाची अध्यक्ष झाली.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील हे कॉलेज ‘लिबरल आर्ट्स’ प्रकारचे आहे. नावावरून केवळ कला शाखेचे वाटेल, पण तसे नाही. अशा कॉलेजात एकच विद्यार्थिनी गणित, इतिहास, जीवशास्त्र, परभाषा असे अनेक विषय चाखते आणि मग एका विषयात खोल उतरते. वर्ग लहान असतात. बहुतेक मुली आवारातच राहतात. तेथील अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य आणि संस्थाचालक यांची कामे एकाच माणसाच्या खांद्यावर! शिक्षणाचा दर्जा राखायचा, अंदाजपत्रक जुळवायचे, देणग्याही मिळवायच्या. विश्वस्त मंडळ पुष्कळ पारख करून हा माणूस निवडते. मग वाटेकऱ्याची लेक तिथवर पोचली कशी?

पायरीपायरीने

रूथ लहान असतानाच घरच्यांनी शेती सोडून ह्यूस्टन शहर गाठले. वडील कारखान्यात कामाला लागले. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करी, कपड्यांना इस्त्री करी. काम लोकांचे असले तरी आई ते किती जीव लावून करते, हे रूथ बसून पाहत असे. काम कसे करावे हा पहिला धडा आपण आईकडून शिकलो, असे त्या पुढे मोठ्या पदांवर असतानाही सांगत. पण रूथ पंधरा वर्षांची असतानाच आई वारली.

अशा वेळी मुलीचे शिक्षण थांबते. घर सांभाळ म्हणतात, कामाला लाग म्हणतात. रूथचे थांबले नाही, कारण शिक्षकांनी तिला सोडले नाही. त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवायला मदत केली. जाताना अंगावर धड कपडे हवेत म्हणून आपल्या कपाटातले कपडेही दिले. मध्ये एक वर्ष ती वेलस्ली या महिला कॉलेजात शिकायला गेली. तेथे अध्यक्षांच्या जागी एक बाई होत्या. बाईमाणूस कॉलेजचा कारभार चालवू शकते, हे रूथने तेथे डोळ्यांनी पाहिले.

१९६७ साली ती पदवीधर झाली. मग शिष्यवृत्तीवर एक वर्ष फ्रान्समध्ये काढले. १९७३ साली हार्वर्डमधून फ्रेंच आणि तिच्या भगिनीभाषांच्या साहित्यात डॉक्टरेट मिळवली. लग्न झाले, दोन मुले झाली. संसार सांभाळत न्यू ऑर्लिन्समध्ये अध्यापन, मग साहाय्यक डीन, कॅलिफोर्नियात सहयोगी डीन, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठ असा प्रवास झाला. अटलांटाच्या स्पेलमन या कृष्णवर्णीय महिलांच्या कॉलेजात त्या प्रोव्होस्ट होत्या. प्रोव्होस्ट म्हणजे अध्यक्षांच्या खालोखाल शिक्षणाचा कारभार पाहणारा अधिकारी. डॉक्टरेटपासून अध्यक्षपदापर्यंत बावीस वर्षे गेली. तेथे अध्यक्ष होण्याची नेहमीची वाट हीच आहे. आधी उत्तम शिक्षक, मग डीन, मग प्रोव्होस्ट. प्रत्येक पायरीवर पाय रोवल्याशिवाय पुढची पायरी दिसत नाही.

खुर्चीवर बसून काय केले?

वर चढणारी माणसे पुष्कळ असतात. मागे वळून हात देणारी थोडी. सिमन्सबाईंनी स्मिथमध्ये १९९९ साली इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम सुरू करवला. अमेरिकेतील महिला कॉलेजांत असा तो पहिलाच. २००४ साली त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. २००१ ते २०१२ त्या ब्राउन विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या. देशातील सर्वांत प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या आठ जुन्या विद्यापीठांपैकी हे एक. त्यांपैकी एकाचेही अध्यक्षपद तोवर कृष्णवर्णीय व्यक्तीकडे गेले नव्हते. पैशाअभावी हुशार मुलाचा प्रवेश नाकारला जाऊ नये, अशी पद्धत त्यांनी तेथे आणली. गुलामांच्या व्यापाराशी त्या विद्यापीठाचा जुना संबंध होता. तो झाकून न ठेवता त्यांनी २००३ साली त्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली.

निवृत्तीनंतर त्या टेक्सासला परतल्या, पण घरी बसल्या नाहीत. कृष्णवर्णीय तरुणांना शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी १८७६ साली निघालेल्या प्रेअरी व्ह्यू या संस्थेचा कारभार त्यांनी २०१७ ते २०२३ पाहिला. जेथून निघाल्या, तेथल्याच मुलांसाठी पुन्हा कंबर कसली.

वाचकहो, रूथ हुशार होती हे खरेच. पण पंधराव्या वर्षी आई गेलेल्या पोरीला नुसत्या हुशारीने तारले नसते. कोणी अर्ज भरून दिला, कोणी अंगावरचा कपडा दिला, म्हणून ती टिकली. कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, तेव्हा थोरलीला चार दिवस शाळेतून ठेवून घेऊ, असा विचार तुमच्याही घरात येत असेल. अडचण खोटी नसते. पण चार दिवसांचे महिने होतात आणि दप्तर खुंटीवर राहते. असे दप्तर शेजारच्या घरी दिसले तर एकदा विचारा, काय अडले आहे? कधी फी अडलेली असते, कधी एसटीचा पास, कधी केवळ एक धड पोशाख. तेवढे भागवायला गावात माणूस मिळत नाही, असे नाही.