‘होति’ आणि ‘म्हणून’

कारखान्याच्या कचेरीतून निघणाऱ्या पत्रांतले एक वाक्य आम्ही आजवर इतक्या वेळा वाचले आहे की, ते डोळे मिटूनही लिहून देऊ : ‘आपण यंत्र हेतुपुरस्सर बंद पाडले म्हणून आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.’ यातला ‘म्हणून’ हा शब्द पाहावा. यंत्र खरोखर बंद पाडले गेले, की बंद पाडले असे कोणी म्हणाले, एवढेच? वाक्यात दोन्ही अर्थांना जागा आहे, आणि वाचणारा बहुधा पहिलाच अर्थ घेतो. अशाच एका प्रकरणात आम्ही चौकशीत विचारले की, बंद पाडताना पाहिले कोणी? सुपरवायझर म्हणाले, फोरमनने सांगितले. फोरमन म्हणाला, हजेरी कारकुनाने सांगितले. कारकून त्या पाळीला रजेवर होता. माणूस कामावर परत आला. चार महिन्यांचा पगार गेला तो गेलाच.

‘म्हणून’ हे मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप आहे. ‘उद्या येतो म्हणून सांगितले’ यात ते बोलणे पोचवते. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात कारण सांगते. संस्कृतातला ‘इति’ हीच दोन्ही कामे करतो, आणि शेजारच्या कानडीत ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून निघालेला ‘एंदु’ हाही तेच करतो. बोलण्यातून कारणाकडे जाण्याची ही वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे.

प्राचीन ग्रीक लोकांनी दुसऱ्या वाटेने येऊन हेच ठिकाण गाठले. त्यांचा शब्द ‘होति’. तो ‘जे काही’ अशा अर्थाच्या संबंधी सर्वनामापासून निघाला. त्यातला ‘हो’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘यत्’चा भाऊबंद. ‘यत्’प्रमाणेच ‘होति’चेही दोन अर्थ झाले : ‘की’ आणि ‘कारण’. (निव्वळ कारण सांगण्यासाठी त्यांच्याजवळ ‘गार्’, ‘एपेइ’, ‘दिओति’ हे शब्द होतेच, पण ते आजचा विषय नव्हेत.) शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्याने इंग्रजी व्याकरणाचा आधार घेऊन रात्री ग्रीक गिरवायला बसावे, आणि पहिल्या महिन्यातच हा जुना ओळखीचा घोटाळा समोर उभा राहावा, याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

आता घोटाळा म्हणजे केवढा, ते पाहू. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, शिमोन परुश्याच्या घरी जेवणाच्या वेळी एक बदनाम स्त्री येते आणि येशूचे पाय आपल्या आसवांनी भिजवते. तिच्या पापांची क्षमा झाली आहे असे येशू सांगतो, आणि पुढे ‘होति’ घालून तिच्या पुष्कळ प्रेमाचा उल्लेख करतो. प्रेम केले यामुळे क्षमा झाली, की प्रेम दिसते यावरून क्षमा झाल्याचे कळते? ‘कारखाना सुरू झाला, कारण भोंगा ऐकू आला,’ असे आपण बोलतो. भोंग्याने कारखाना सुरू होत नसतो. या एका ‘होति’वर ख्रिस्ती पंथांत मोठे वाद झाले. आमचा कौल दुसऱ्या अर्थाला आहे, कारण त्याच प्रसंगी येशूने आधी दोन कर्जदारांची गोष्ट सांगितली आहे. एकाला पाचशे दीनार माफ होतात, दुसऱ्याला पन्नास. आणि ज्याला जास्त माफ झाले तो जास्त प्रेम करतो. तिथे माफी आधी आणि प्रेम मागाहून आहे.

पण ग्रीकांपाशी या घोटाळ्यावर एक तोडगाही होता, आणि आमच्या मते तो त्यांच्या व्याकरणातला फार मोलाचा भाग आहे. त्यांच्या क्रियापदाला ‘ऑप्टेटिव्ह’ नावाचे एक रूप असे. हे संस्कृतातल्या विधिलिङाचे सख्खे भावंड : संस्कृत ‘भरेत्’ तसे ग्रीक ‘फेरोइ’. मुख्य क्रियापद भूतकाळी असले, तर ‘होति’नंतरच्या वाक्यात साध्या रूपाऐवजी हे रूप घालता येई. कारण सांगताना ते घातले, की अर्थ होई : ‘हे कारण त्यांनी दिलेले आहे, मी केवळ पोचवतो आहे.’

थुसिडिडीजच्या इतिहासात याचे नामी उदाहरण आहे. इ. स. पूर्व ४३१ साली स्पार्टाचा राजा आर्किडेमस अथेन्सच्या मुलखात शिरला आणि शहरापासून साठ स्टेडियमांवर, म्हणजे जेमतेम अकरा किलोमीटरांवर, अखार्नी गावाशी तळ देऊन त्याने शेतांची नासाडी चालवली. तटाच्या आत कोंडलेले लोक पेरिक्लीजवर भडकले. सेनापती असून सैन्य बाहेर काढत नाही म्हणून त्यांनी त्याला दूषणे दिली, असे थुसिडिडीज लिहितो, आणि ‘बाहेर काढणे’ या क्रियापदाला ऑप्टेटिव्ह लावतो. आरोप नोंदला, त्यावर सही मात्र केली नाही. पेरिक्लीजचे धोरण बरोबर होते असे त्याचे स्वतःचे मत होते, आणि पुढे दुसऱ्या भागातच त्याने ते उघड मांडले आहे. पुढल्या वर्षी लोकांनी पेरिक्लीजला दंड ठोठावला तो वेगळाच.

इथे एक सावधगिरी हवी. ऑप्टेटिव्ह घालणे ऐच्छिक होते. ते नसले म्हणजे लेखकाला कारण मान्यच आहे, असे समजू नये. असले, तर मात्र त्याने हात राखला आहे असे समजावे. मराठीत हे काम ‘म्हणे’ करते : ‘यंत्र बंद पाडले म्हणे.’ ओट्यावरच्या बायका हा शब्द अचूक वापरतात. कचेरीच्या पत्रात तो आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

‘होति’चा एक जोडीदार आहे, ‘होस्’. मूळ अर्थ ‘जसे’. हाही ‘की’ म्हणून चालतो, पण कृदंताच्या आधी आला म्हणजे कर्त्याने पुढे केलेला हेतू सांगतो, मग तो खरा असो की खोटा. झेनोफोनच्या ‘अनाबासिस’मध्ये पहिल्याच भागात हा ‘होस्’ भेटतो. इराणचा राजपुत्र सायरस याने हजारो ग्रीक भाडोत्री शिपाई जमवले. निमित्त काय, तर पिसिडी लोकांना मुलखातून हुसकून लावायचे. झेनोफोन इथे ‘होस्’ घालतो आणि शेजारी ‘निमित्त’ असा शब्दही ठेवतो. खरा बेत सख्ख्या भावावर, इराणच्या बादशहावर, चालून जाण्याचा होता. ग्रीकांपैकी तो एकट्या क्लीआर्कस सरदाराला ठाऊक होता.

टार्ससला शिपायांना संशय आला आणि ते पुढे जाईनात. वीस दिवस सैन्य हलले नाही. क्लीआर्कसने आधी जबरदस्ती केली, तेव्हा त्याच्यावर दगड आले. मग त्याने सभा बोलावून सर्वांसमोर रडून दाखवले, आणि आतून सायरसला निरोप धाडला की, काळजी नसावी. असले मुकादम आम्हीही पाहिले आहेत. शेवटी दुसरे निमित्त पुढे आले, युफ्रेटिसवरच्या आब्रोकोमस नावाच्या शत्रूचे. आणि दरमहा एका दारिकाऐवजी दीड दारिक पगार ठरला. संशय पुरता गेला नव्हता, तरी माणसे निघाली. युफ्रेटिसच्या काठी थाप्सकसला पोचल्यावर त्यांना खरी गोष्ट सांगण्यात आली. बाबिलोनला पोचताच प्रत्येकी पाच मिना चांदी देण्याचे वचन मिळाले. इ. स. पूर्व ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत सायरस पडला, आणि त्या पाच मिना देणारा कोणी उरला नाही.