शंभर वॉट आणि बाबांचे तंबोरे

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी दुरुस्त केले असतील, पण ॲम्प्लिफायर निवडताना केलेली चूक मलाच निस्तरावी लागली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

नाशिकला आमच्या घरी बाबांचे दोन जुने स्पीकर आहेत. लग्नाआधी, पहिल्या बोनसमधून घेतलेले. गेल्या वर्षी त्यांचा ॲम्प्लिफायर बंद पडला. घरात इलेक्ट्रॉनिक्सची (होऊ घातलेली) इंजिनिअर असताना मेकॅनिक कशाला? मी पुण्यात तपकीर गल्ली गाठली. "मॅडम, शंभर वॉट आहे, घर हलेल!" असं म्हणत एका दुकानदारानं तळहाताएवढा बोर्ड दिला. सोबत १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ॲडाप्टर. मी तो छानशा डब्यात बसवला आणि दिवाळीत बाबांना भेट दिला. बाबा खूश, मी त्याहून जास्त.

भाऊबीजेला सगळी भावंडं जमली. नाच सुरू झाला आणि व्हॉल्यूमचं बटण शेवटपर्यंत फिरलं. आवाज फाटत होता, पण लक्ष कोणाचं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी भीमसेन जोशींची सीडी लावली. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "अगं, तंबोरे लांब गेल्यासारखे वाटतायत का गं?" मी स्पीकरला कान लावला. दोन्ही ट्वीटर मुके झाले होते.

आता जे गणित दुकानातच करायला हवं होतं, ते करू. १२ गुणिले २ म्हणजे २४. आत जाणार २४ वॉट, मग बाहेर १०० कुठून येणार? एवढं तर फर्स्ट इयरचं पोरगंही सांगेल. बरं, १२ व्होल्टवर चालणाऱ्या ब्रिज ॲम्प्लिफायरचं शिखर जास्तीत जास्त १२ व्होल्टचं. ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून मिळणार १२ चा वर्ग भागिले १६, म्हणजे ९ वॉट. चिपची काही चूक नव्हती. टीपीए ३११६ च्या डेटाशीटमध्ये दर चॅनलला ५० वॉट लिहिलेत, पण ते २१ व्होल्ट आणि ४ ओहमला. दुकानदारानं दोन चॅनलची बेरीज सांगितली आणि मी अटी वाचल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, पॉवर कमीच होती, तर ट्वीटर जळले कसे? सप्लाय पुरला नाही की लहरींचे माथे सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या माथ्यांतून नवे हार्मॉनिक्स तयार होतात. शिवाय बटण पुढे ढकलत राहिलं की शिखरं जागीच थांबतात आणि बाकीचं संगीत, त्यातला बारीक आवाजही, सतत वाढत जातो. हे सगळं ट्वीटरच्या केसासारख्या तारेवर येतं आणि ती तापून तुटते. तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या हार्मॉनिक्सचीच गंमत. ट्वीटर गेला की पहिली तीच जाते. बाबांच्या कानांनी बरोब्बर पकडलं होतं.

मग घरी किती वॉट लागतात? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. बाबांच्या स्पीकरची ८६ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल. आमच्या हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीपर्यंत साधारण ८० उरतात असं धरू. ते ऐकतात ७५ च्या आसपास, त्याला लागतो जेमतेम एक तृतीयांश वॉट! पण तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर. झाले तीसेक वॉट. थोडी मोकळीक धरून ४० ते ५० खरे वॉट भरपूर झाले. स्पीकर ३ डेसिबलनं जास्त सेन्सिटिव्ह असेल तर निम्मेच पुरतात.

'खरे वॉट' कसे ओळखायचे? खोक्यावरचा पीएमपीओ आकडा सरळ विसरा, त्याला काही नियमच नाही. आरएमएस किंवा कंटिन्युअस वॉट विचारा: किती ओहमला, किती डिस्टॉर्शनला, आणि दोन्ही चॅनल एकदम चालू असताना का? १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आकडा फुगलेला असतो. असल्या आकड्यांना आळा घालायला अमेरिकेत १९७४ मध्येच नियम केला होता आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला.

स्पीकर ४ ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो, तेव्हा ॲम्प्लिफायरला ४ ओहम चालतात का ते मागच्या बाजूला वाचा. क्लास एबी की क्लास डी यावर हॉस्टेलमध्ये भांडणं होतात. क्लास डी कमी तापतो आणि चांगल्या सप्लायवर उत्तम वाजतो, एवढं सांगून मी बाजूला होते. नुसता पॉवर ॲम्प्लिफायर घेतलात तर व्हॉल्यूमसाठी वेगळा प्रीॲम्प बघावा लागतो. घरासाठी इंटिग्रेटेड बरा.

मी शेवटी ८ ओहमला ४० वॉटचा सेकंड हँड ॲम्प्लिफायर घेतला. उचलताना हात भरून आले, ट्रान्सफॉर्मर खरा होता. ट्वीटरच्या कॉइल बदलून घेतल्या. त्यात माझी दोन महिन्यांची मेसबाहेरची खादाडी गेली. बाबांनी तीच सीडी लावली. काही बोलले नाहीत, पण समोरचा चहा गार झाला तरी उठले नाहीत.

कोणाला ॲम्प्लिफायर घ्यायचा असेल तर मी सोबत येईन. फक्त स्पीकरच्या मागचं लेबल वाचून या.