कुलूप कुणाचे, किल्ली कुणाकडे?

मनुष्याची पत्रे, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार आणि दिवसभराच्या येण्याजाण्याची नोंद आज त्याच्या खिशातील स्मार्टफोनमध्ये साठलेली असते. साहजिकच अँड्रॉइड अधिक सुरक्षित की ॲपलची आयओएस, हा वाद वारंवार घातला जातो. मात्र या वादात दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ होते. बाहेरचा चोर घरात शिरू शकेल काय, हा सुरक्षिततेचा प्रश्न. आणि घर बांधून देणाराच आत डोकावतो काय, हा खासगीपणाचा प्रश्न होय.

पहिल्या प्रश्नापुरते पाहता दोन्ही प्रणालींची मूळ रचना भक्कम आहे. दोहोंत प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंदिस्त असते. अंतर पडते ते दुरुस्तीच्या वाटेत. ॲपल फोन आणि प्रणाली दोन्ही स्वतःच पुरविते. त्यामुळे दोषावरील उपाय थेट ग्राहकापर्यंत पोचतो. अँड्रॉइडची दुरुस्ती गूगलकडून निघते, ती बहुधा फोनच्या उत्पादकाच्या दारातून पुढे जावयाची. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघडकीस आल्यावर गूगलने मासिक सुधारणांचा प्रघात पाडला आणि २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अभिवचन दिले. स्वस्त फोनांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

खासगीपणाचे गणित निराळे आहे. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींचा. ग्राहकाची माहिती हे त्या धंद्याचे भांडवल. ॲपलची कमाई मुख्यतः यंत्रविक्रीची. म्हणूनच २०२१ मध्ये इतरांच्या ॲपना ग्राहकाचा माग काढण्यापूर्वी त्याची अनुमती घेण्यास भाग पाडणे तिला परवडले. परंतु येथेही भाबडेपणा नको. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयला फोन उघडून देण्याचे नाकारणाऱ्या याच कंपनीने २०१८ मध्ये चिनी ग्राहकांच्या आयक्लाउडचा कारभार तेथील सरकारशी संबंधित कंपनीकडे सोपविला. उलट अँड्रॉइडचा गाभा खुला असल्यामुळे ‘ग्राफीनओएस’सारखी, गूगलच्या सेवांवाचून चालणारी प्रणाली उभी राहू शकली. आणि इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या ‘पेगासस’ने तर दोन्ही प्रणालींचे तट भेदले.

तात्पर्य, जोखमीच्या व्यक्तीस केवळ कंपनीच्या नावावर विसंबता येणार नाही. सामान्य ग्राहकाने मात्र फोन घेताना सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे आधी विचारावे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो हक्क श्रीमंताच्या फोनपुरता नाही. सुधारणा बंद झालेल्या स्वस्त फोनवरच ज्याची सारी पुंजी विसंबून आहे, त्याच्या दृष्टीने तो कागदावरच राहतो. युरोपीय संघाने २०२५ पासून सुधारणांच्या मुदतीला पाच वर्षांच्या नियमाची चौकट घातली. भारतातही ही मुदत खोक्यावर ठळक छापणे सक्तीचे करावयास हवे. औषधाच्या बाटलीवर तारीख लागते. मग फोनलाच सवलत का?